दौलतकाकांचा साक्षीदार

दौलतकाका कोणाच्याही घरी गेले की आधी गाडीला भेटत. माणसांचा नंबर नंतर. अंगणात सायकल असो, फटफटी असो, ट्रॅक्टर असो नाहीतर बैलबंडी असो, हात पाठीमागे बांधून आणि मान जराशी तिरपी करून तिच्याभोवती एक पूर्ण फेरी व्हायची. जिथून सुरू झाली तिथेच ती संपायची. मग दारात उभं राहून ते विचारत, "हायेत का जी घरी?" तोवर घरात चहा गाळून झालेला असे. काकांची फेरी आणि चहाची उकळी यांना सारखाच वेळ लागतो, हे आमच्या गल्लीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं.

आमचं भंडाऱ्याजवळचं शहापूर हायवेला चिकटलेलं. पुढे माझं झेरॉक्सचं दुकान, दुकानामागे घर, आणि घरामागे दौलतकाकांचं घर. उभ्या आयुष्यात मी एकही मूळ कागद तयार केला नाही, दुसऱ्यांच्या कागदांच्या नकला काढत पन्नाशीला आलो. म्हणून काका मला 'झेरॉक्स' म्हणत. माझ्या खऱ्या नावाचा त्यांनी कधी उपयोग केल्याचं मला आठवत नाही.

काका चिखला गावच्या मँगनीज खाणीत मॅनेजरसाहेबाच्या गाडीवर ड्रायव्हर होते. सगळी नोकरी तिथेच. खाणीतला काळा बुका आणि साहेबाची काळी गाडी, या दोघांमध्ये तीस वर्षं एकटा माणूस उभा होता. "तो बुका असा का बापू," ते सांगत, "नाकात गेला तं रुमाल कारा, अन गाडीवर बसला तं साहेबाचं तोंड कारं."

त्या नोकरीची एक खूण त्यांच्या अंगावर कायम होती. दोन्ही खांद्यांवर एकेक पांढरं सुती कापड. डाव्या खांद्यावरचं स्वतःसाठी, उजव्या खांद्यावरचं गाडीसाठी. आता गाडी राहिली नव्हती, पण कापड राहिलं होतं. एकदा एका लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या पाहुण्याने बोटं पुसायला काकांचं उजवं कापड ओढलं. काका भरल्या पानावरून उठले, मांडवामागच्या नळावर गेले, ते कापड धुऊन, पिळून, झटकून परत आले आणि पाहुण्यापुढे डावा खांदा करून म्हणाले, "पुसा जी आता, कितीबी पुसा."

लोकांनी त्यांच्या या नजरेचा एक उपयोग शोधून काढला होता. कोणाला मुलगी द्यायची असली की पोरगा पाहायला काकांना सोबत नेत. मंडळी आत पोहे खात, घरदार विचारत. काका बाहेर पोराच्या मोटरसायकलभोवती फिरत. तुमसरकडच्या एका स्थळाला ते आमच्या चुलतमामांबरोबर गेले होते. परतताना मामांनी विचारलं, "कसा वाटला पोरगा?"

"टाकी चकचक, चैन कोरडी."

"म्हंजे?"

"म्हंजे लोकाईले दिसते तेवढं घासते. बाकी देवाच्या भरोशावर."

मामांना तीन दिवस अन्न गोड लागलं नाही. पण मुलीला पोरगा आवडला होता, लग्न झालं, आणि जावई असा निघाला की अजून मामांच्या शेतावर रोवणीला स्वतः चिखलात उतरतो. वर्षभराने मामा काकांना डिवचायला म्हणून मुद्दाम आले. "का जी, तुमची कोरडी चैन तं लय चांगली निंगाली!"

काका आवाज न करता हसत. चेहरा तसाच गंभीर, फक्त खांद्यांवरची दोन्ही कापडं थडथड हलू लागत. तशी ती हलली आणि ते म्हणाले, "मांडवाच्या दिवशी चैनीले तेल कोन टाकलं, हे जावयाले इचारलं का?"

असे हे काका. त्यांच्याबद्दल लिहायचं ठरवलं की दुसरे चार किस्से रांगेत उभे राहतात, पण मला सांगायचा आहे तो माझ्या अब्रूचा. त्यामुळे नाइलाज आहे.

माझी बायको ज्योती शाळेत शिक्षिका आहे. बेचाळिसाव्या वर्षी ती गाडी चालवायला शिकली आणि स्वतःच्या कमाईने तिने गाडी घेतली. काळी. साऱ्या नातेवाइकांनी सांगितलं, पांढरी घ्या, धूळ दिसत नाही. ती म्हणाली, पांढरी गाडी दारात उभी असली की घरात कोणीतरी आजारी आहे असं वाटतं. गाडी आल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात मी ती मागे घेताना फाटकाच्या खांबाला हलकीशी भेटवली. त्या दिवसापासून चावी तिच्या पर्समध्ये गेली ती वर्षभर बाहेर आली नाही.

त्या भाद्रपदाच्या तोंडावर तिच्या बहिणीचं बाळंतपण गोंदियाला होतं. पावसाने रस्त्यांची चाळण झालेली. गाडीला चिखल लागेल म्हणून ज्योती ट्रेनने गेली. जाताना तिने पर्समधून चावी काढली, क्षणभर हातात धरली आणि खिळ्याला अडकवली.

"कोणाला दवाखान्यात न्यायचं काम पडलं तर असावी घरात," ती म्हणाली. "एरवी हात लावू नका जी. लावलाच तर धुतलेला लावा. मी रविवारी संध्याकाळी येते."

वर्षभराने मिळालेला तो विश्वास होता. खिळ्याला लटकलेला. मी जाता-येता त्याच्याकडे बघत होतो.

शुक्रवारी पोळा होता. आमचं मूळ गाव लाखांदूरच्या पलीकडे, धानाच्या बांध्यांत. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, अजून शेती बघतो. त्या उन्हाळ्यात त्याने शेवटची बैलजोडी विकून टाकली होती, नांगरणी-चिखलणी सगळी ट्रॅक्टरवर. पोळा उजाडला तेव्हा मायच्या ध्यानात आलं की बैलांच्या रांगेत, गावच्या तोरणाखाली उभं करायला आपल्या दावणीला काहीच नाही. सकाळीच तिचा फोन.

"आपल्या घरचं पोऱ्यात काईच नाई? तुह्या बापानं कधी तोरन चुकवलं नाई. तुही गाडी घेऊन ये."

"माय, गाडी ज्योतीची आहे."

"मंग का झालं? सून का परकी हाय?"

मी साबणाने हात धुतले आणि चावी खिळ्यावरून काढली.

पोळ्याच्या सकाळी बैलांना तलावावर नेऊन आंघोळ घालतात. तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, मुठीत मावेल असा बोळा करायचा आणि ओल्या अंगावर गोल गोल घासायचा. चिखल निघतो, बैलही सुखावतो. मी गाडी तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, उभी केली. दादाने दोन बादल्या पाणी मारलं आणि माझ्या हातात तणसाचा बोळा दिला. आता खरं सांगायचं तर इथे दादाला दोष देऊन चालणार नाही. त्याने नुसता दिला, घासला मी. पस्तीस वर्षांपूर्वीची हाताची सवय जागी झाली. शेजारी लोक बैल घासत होते, त्यांच्या तालात मी टपावर गोल, बोनेटवर गोल, दारांवर गोल असा तलावाच्या पाण्यासकट, गाळासकट मनसोक्त घासत सुटलो. तोंडातून "हो हो, उभा राय, उभा राय" असंही निघत होतं. गाडी उभीच होती.

मग मायने बोनेटच्या दोन्ही बाजूंना, जिथे तिच्या मते गाडीचे खांदे असतात तिथे, लोण्यात कालवलेली हळद चोळली. जुन्या बैलांची झूल टपावर घातली, आरशांना घुंगरांच्या माळा बांधल्या. तोरणाखाली गाडी उभी राहिली तेव्हा सगळा गाव गोळा झाला.

"दात किती हायेत गा?"

"पाच गिअर हायेत!"

"मारकी तं नाई?"

"मागं घेतानी मारते!" हे दादाने सांगितलं. खांबाची बातमी गावापर्यंत पोचली होती.

मायने बोनेटवर पुरणपोळी ठेवली, हात जोडले, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही भरून आलं. संध्याकाळी झाकोळलेल्या उजेडात मी शहापूरला परतलो, गाडी जागेवर लावली, चावी खिळ्याला अडकवली. मोहीम फत्ते.

शनिवारी सकाळी स्वच्छ ऊन पडलं.

काळ्या गाडीवर सरळ ऊन पडलं की ती काही म्हणजे काही लपवून ठेवत नाही. टप, बोनेट, दारं, सगळीकडे वर्तुळंच वर्तुळं. बारीक, केसासारखी, एकात एक गुंतलेली. सूर्य जिथे चमकत होता तिथे त्याच्याभोवती कोळिष्टक विणल्यासारखं दिसत होतं. मी ओल्या कापडाने पुसलं, ती गेली. मी देवाचे आभार मानले. पत्रा वाळला, ती परत आली. मग मी खोबरेल तेल आणायला आत जाणार, तेवढ्यात फाटक वाजलं आणि हात पाठीमागे बांधलेले दौलतकाका आत आले.

फेरी सुरू झाली. मी दारात उभा. टपाजवळ ते थांबले, बोनेटजवळ थांबले, वाकून बोनेटचा वास घेतला.

"हळद?"

मी हातातलं ओलं कापड पाठीमागे नेलं.

"तलावावर नेली होती?"

मी पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं.

"तनीस?"

मी मान हलवली. काकांची दोन्ही कापडं हलू लागली. इतकी हलली की उजवं घसरून खाली पडायला आलं, ते त्यांनी हवेतच झेललं. मग डोळे पुसून त्यांनी बाजारात बैल पारखणारा माणूस सांगतो तशा आवाजात सांगितलं, "भोवरे हायेत."

बैलाच्या अंगावर नको तिथे केसांचा भोवरा असला की गिऱ्हाईक पुढे निघून जातं, हे मला माहीत होतं. माझं गिऱ्हाईक उद्या संध्याकाळी गोंदियाहून येणार होतं.

"काकाजी, चावी परत पर्समध्ये जाईल," मी म्हणालो. "यावेळी कायमची."

"तनसानं माय भांडे घासते, तुले मालूम नाई? कढईचा बुड निंगते तनसानं. अन तू रंग घासला?" त्यांनी उजव्या हाताचं बोट जिभेला लावलं आणि दारावर एक ठिपका ओला केला. "पाय, गेले." आम्ही दोघं वाकून बघत राहिलो. ठिपका वाळला. "आले." मग त्यांनी त्याच जागेवर नख आडवं फिरवलं. "नख अडकत नाई. वरच्यावर हायेत, निंगतीन. पन तेल नको लावू. तेलानं तुले दिसनार नाई, बाईले दिसतीन."

दुकानाचं शटर ओढून आम्ही फटफटीवर भंडाऱ्याला गेलो. गाडीच्या सामानाच्या दुकानात तरुण शेठ मोबाइलवर काही बघत बसला होता. त्याची काळी मोटरसायकल दारातच उभी होती. अर्थात काका आधी तिला भेटले. आत यायला त्यांनी चहाएवढा वेळ घेतला.

"भोवऱ्यावर का हाय?" त्यांनी विचारलं.

शेठने प्रश्न न समजताच एक मोठा डबा काउंटरवर ठेवला. "काकाजी, ये ले जाओ. रबिंग कंपाउंड. कैसा भी दाग हो, एक नंबर."

काकांनी झाकण उघडलं, चिमूटभर लगदा अंगठा आणि बोटात धरला आणि कानाजवळ नेऊन चोळला. डोळे मिटून ऐकलं. मग तीच बोटं माझ्या कानाशी आणली. बारीक चर्रचर्र ऐकू येत होतं, रेतीतून चप्पल ओढल्यासारखं.

"हा नांगर हाय," ते म्हणाले. "पडीत जमिनीले लागते. आपल्याले निंदाई कराची हाय."

शेठने काळ्या रंगाची बाटली काढली. खास काळ्या गाड्यांसाठी. काकांनी वास घेतला, बोटावर घेतलं, बोट काळं झालं. "हे काजर हाय. डोरे खराब असले तं काजर लावून का होते?"

मग एक फवाऱ्याची बाटली आली. ती त्यांनी हवेत एकदा मारून पाहिली, "अत्तर" म्हणाले आणि बाजूला ठेवली. मग मेणाचा चपटा, देखणा डबा आला. त्यावर एका लाल गाडीचं चित्र होतं. मला तो फार आवडला. मी तो उचलून काकांना दाखवला, कारण लावायला सोपा आहे आणि पंधरा मिनिटांत चमक येते असं त्यावर लिहिलं होतं. माझ्या सगळ्या गरजा त्या दोन वाक्यांत आल्या होत्या.

काकांनी शेठला विचारलं, "हे झाकते का काढते?"

"मतलब?"

"भोवऱ्यात जाऊन बसते, का भोवरा काढते?"

शेठ प्रामाणिक होता. "बैठता है काकाजी. दो-चार धुलाई तक रहता है."

"दो-चार धुलाई," मी उत्साहाने म्हणालो. "म्हणजे महिनाभर! तोवर ती शाळेच्या कामात..."

काकांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मेण वाईट नसते, ते शेठला सांगू लागले, पण त्याची पाळी शेवटी. आधी काढाचं, मंग झाकाचं. आणि काढतानाही आधी मऊ, मंग खरबरीत. खरबरीतपासून सुरू केलं तं मऊवर याले जागा उरत नाई. शेठने मोबाइल खाली ठेवला होता.

सगळ्यात मागच्या फळीवरून धुळीने माखलेली एक छोटी बाटली निघाली. बारीक पॉलिश, शेवटच्या हातासाठीचं. कोणी मागत नाही म्हणून पडून होतं. काकांनी ते बोटात धरून कानाशी चोळलं. माझ्याही कानाशी आणलं. मला काहीच ऐकू आलं नाही.

"आता आयक."

मी पुन्हा कान दिला. अगदी आत कुठेतरी, रेशमी लुगड्याची घडी मोडताना होतो तसा आवाज होता. नसेलही. काका ऐकू येतंय म्हणाले की मला बरंच काही ऐकू येत असे.

"पाहून घेतो," असं म्हणून काका बाटली घेऊन बाहेर गेले. शेठच्या मोटरसायकलच्या टाकीवर त्यांनी रुपयाएवढा ठिपका टाकला, उजव्या खांद्यावरच्या कापडाची चौघडी केली आणि हलक्या हाताने घासलं. मग खिशातून स्पिरिटची छोटी कुपी काढली, कापसाने ती जागा पुसली. "स्पिरिटानं तेलाचा मुलामा जाते. मंग खरं का हाय ते दिसते." त्यांनी मला उन्हात वाकवलं. टाकीवर सगळीकडे भोवरे होते आणि मधोमध एका ठिकाणी विहिरीच्या पाण्यासारखा खोल, शांत काळा गोल. बरोबर चंद्रासारखा.

"काढते," काका म्हणाले.

आम्ही बाटली घेऊन निघालो तेव्हा शेठ टाकीवरच्या त्या गोलाकडे बघत उभा होता. कधी डावीकडून, कधी उजवीकडून. "काकाजी," तो मागून ओरडला, "अब बाकी का क्या करूं?"

"घासा शेठ," काका म्हणाले. माझ्या मागच्या सीटवर कापडं थडथडल्याचं मला पाठीला जाणवलं.

रविवारी सकाळपासून कामाला लागलो. लागलो म्हणजे मी लागलो. काका आंब्याखाली खुर्चीवर बसले. गाडी सावलीत, पत्रा गार, आधी साध्या पाण्याने आणि साबणाने दोनदा धुलाई. "तापल्या पत्र्यावर लावलं तं तिथंच सुकते. तव्यावर धिरडं टाकाचं हाय का तुले?" एकदा कापड माझ्या हातून खाली मातीत पडलं. मी ते झटकून पुन्हा टपावर नेणार, तेवढ्यात काका खुर्चीतून असे ओरडले की दोन घरं पलीकडची म्हातारी बाहेर आली. पडलेलं कापड पुन्हा गाडीला लागत नसतं. ते त्यांनी मला माझ्या डाव्या खांद्यावर टाकायला लावलं.

वीतभर जागा, चार थेंब, हलका हात, पुसायचं, स्पिरिट, बघायचं. पुढची वीत. दुपारपर्यंत माझ्या खांद्यांत जी कळ भरली ती पाहून मला वाटलं, माय आता मलाच हळद-लोणी लावेल. पण गाडी उजळत गेली. आंब्याची पानं तिच्यात मोजता येतील अशी.

चार वाजता मी मागच्या बाजूला पोचलो. तिथे डिकीच्या उजव्या कोपऱ्यावर तळहाताएवढा एक चौकोन काकांनी सकाळीच कागदी चिकटपट्टीने आखून ठेवला होता. मला वाटलं, तिथे काही नाजूक काम असेल. मी चिकटपट्टी काढली आणि बाटली उचलली.

"तेवढं सोड," काका म्हणाले.

"का?"

"साक्षीदार हाय."

"कशाचा?" मी विचारलं. तेव्हा त्यांनी चिखल्याची गोष्ट सांगितली. एका दिवाळीत साहेबाची गाडी त्यांनी पाच दिवस खपून अशी घासली की सगळे भोवरे गेले. सहाव्या दिवशी साहेब गाडीत बसला, उतरला, आणि म्हणाला, दौलत, या आठवड्यात तू काही काम केलेलं दिसत नाही. "त्याचंबी बरोबर होतं. जे गेलं, ते दिसन कसं? तेव्हापासून मी एक तळहात ठेवतो. काम काय केलं ते तो सांगते."

"पण काकाजी, मला सांगायचं नाही! हेच तर सगळं आहे!"

"पाय झेरॉक्स. तू बाटली लावली, काढाची. आता ते सारं काढून तू वरून झाकाले निंगाला." त्यांनी माझ्या हातून बाटली घेतली, झाकण घट्ट लावलं. "बाई पाहील. इचारल. मंग सांगजो." आणि ते उठून, उजवं कापड खांद्यावर नीट करून, बाटलीसकट घरी निघून गेले. मी फाटकापर्यंत मागे गेलो. बाटली मागितली. कापडं हलत होती, माणूस थांबत नव्हता.

घरात मेण नव्हतं, तेलाला काकांची मनाई होती, शेवटी मी त्या चौकोनाला ओलं बोट लावून बघितलं. गेले. आले.

सहाला ज्योती रिक्षातून उतरली. बॅग हातातच. गाडीकडे बघून ती थांबली.

"धुतली?"

"हो."

"तुम्ही?"

"हो."

"का?"

हा प्रश्न मी धरला नव्हता. ती गाडीभोवती फिरू लागली. तिची फेरी आणि काकांची फेरी यात मला काही फरक दिसेना. मागच्या कोपऱ्यावर ती वाकली. उतरत्या उन्हात तो चौकोन असा उठून दिसत होता जसा कोऱ्या कागदावर माझ्या दुकानाचा शिक्का.

"हे काय जी?"

माझ्या मनात तीन उत्तरं तयार होती. कंपनीचंच असेल. पक्ष्याने केलं असेल. कोण जाणे. पण आंब्याखालच्या रिकाम्या खुर्चीकडे माझं लक्ष गेलं आणि तोंडातून निघालं ते पारीवरच्या तणसापासून. सगळं सांगितलं. हळद सांगितली, झूल सांगितली, घुंगरांच्या माळा सांगितल्या. तिने बॅग एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"पुरणपोळी?" शेवटी तिने विचारलं.

"बोनेटवर. मायने."

"आणि तोरणाखाली उभी केली? सगळ्यांसमोर?"

"मधोमध."

तिने बॅग खाली ठेवली. तिचे डोळे भरले होते. मी चावीच्या पर्समधल्या प्रवासाची मनाने तयारी केली.

"माझी गाडी पोळ्यात उभी राहिली," ती म्हणाली, "माईंनी तिची पूजा केली, साऱ्या गावाने पाहिली. आणि मी तिथे नव्हते? एक फोन नाही करता आला तुम्हाला? मी पहिल्या ट्रेनने आले असते!"

भोवऱ्यांबद्दल ती आजतागायत काही बोललेली नाही. तोरणाबद्दल मात्र अजून बोलते. चावी त्या रात्री पर्समध्ये गेली नाही. खिळ्यालाच राहिली, फक्त तिने ती उचलून आणखी वरच्या खिळ्याला अडकवली. माझा हात पोचतो तिथे, पण टाचा उंच कराव्या लागतात.

दोन दिवसांनी काका फेरीला आले, तेव्हा ज्योतीने त्यांना चहा देत विचारलं, "काकाजी, तेवढं सोडलं कशाला? तेही काढून टाका ना."

"काहाले जी? तो का तरास देते?" काका म्हणाले. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, राहू द्या. बाटली काकांकडेच राहिली.

पुढच्या पोळ्याला गाडी ज्योतीने चालवली. मी शेजारी, मागे दौलतकाका, आणि त्यांच्या मांडीवर सहा धुतलेली सुती कापडं. तलावावर तणसाचा बोळा घेऊन पुढे आलेल्या दादाला त्यांनी हात जोडून थांबवलं. घरून आणलेल्या पाण्याने गाडी धुतली ज्योतीने, नारळ फोडला ज्योतीने, आणि तोरणाखाली गाडी घेऊन जाताना स्टिअरिंगमागे ती अशी बसली होती की दादाने यावेळी मारकी गाडीचा विनोद केला नाही.

काका त्यानंतरच्या उन्हाळ्यात गेले. झोपेतच. तेराव्यानंतर काकींनी ती छोटी बाटली आणून दिली. "तुमची हाय म्हने. तळाशी थोडं हाय." मी उन्हात धरून पाहिली. होतं खरं, एका तळहाताला पुरेल एवढंच. ती बाटली माझ्या दुकानात झेरॉक्स मशीनच्या वर ठेवलेली आहे. चौकोन गाडीवर आहे तिथेच आहे.

पण मला काका आठवतात ते त्या दुसऱ्या पोळ्याचे. पोळा फुटल्याची खूण म्हणून तोरण तोडलं, लोक वाजतगाजत पुढे निघाले, ज्योती मायबरोबर ओवाळणीच्या ताटात गुंतली. मी वळून पाहिलं तर गाडीच्या मागे, उजव्या कोपऱ्यापाशी काका एकटेच वाकलेले होते. आपल्याला कोणी बघत नाही अशा समजुतीने त्यांनी बोट जिभेला लावलं आणि साक्षीदारावर टेकवलं. मान तिरपी करून ते बघत राहिले. वाजंत्री पार वळणापर्यंत गेली तरी हलले नाहीत. ऊन चांगलं होतं, वाळायला फार वेळ लागला नसावा. मग दोन्ही खांद्यांवरची कापडं हलायला लागली, आणि ते स्वतःशीच म्हणाले,

"आले."